लय आणि अर्थ

मराठीत 'लहर' या शब्दाला दोन पदर आहेत. गोदावरीच्या पाण्यावर उठते तीही लहर आणि माणसाच्या मनात अवचित उठते तीही लहरच. 'लय' या शब्दाचेही तसेच. गवयाच्या तोंडी लय म्हणजे कालाची चाल. योग्याच्या तोंडी लय म्हणजे विलीन होणे. 'मात्रा' ही तर तीन घरची पाहुणी: छंदःशास्त्रात ती अक्षराच्या उच्चाराचे माप, तबलजीकडे तालाचा घटक, आणि वैद्याच्या घरी सहाणेवर उगाळून द्यावयाचे औषध. गेल्या शंभर वर्षांत विज्ञानाने मेंदूविषयी जे एक नवल शोधून काढले, ते सांगावयास हे तीन शब्द जवळजवळ पुरे पडतात. मेंदूत विजेच्या लहरी उठतात. त्या लहरींना लय असते. आणि कवटी न उघडता, बाहेरूनच विजेची किंवा चुंबकाची मात्रा देऊन त्या लयीत थोडाफार फरक पाडता येतो. शब्द इतके ओळखीचे आहेत, की विषय समजला असे वाटावयास वेळ लागत नाही. आणि घोटाळ्याला सुरुवात होते ती बहुधा तेथूनच.

या लहरींची भाषा आता प्रयोगशाळेत राहिलेली नाही. लातूर आणि नांदेड ही आज शिकवणीवर्गांची शहरे म्हणून ओळखली जातात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर मराठी बोलीत रुळून गेला. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव येथील किती तरी घरांतली मुले-मुली अकरावी-बारावीची दोन वर्षे या शहरांत खोली घेऊन राहतात आणि डॉक्टर-इंजिनिअर होण्याच्या परीक्षांसाठी रात्रीचा दिवस करतात. दिवाळीला ती घरी येतात तेव्हा चिवड्याच्या डब्याशेजारी पुस्तक उघडे असते. अशा मुलाच्या भ्रमणध्वनीवर 'अल्फा लहरींचे संगीत' असते. आईच्या कानावर कोणीतरी 'मेंदू जागृत करणाऱ्या' वर्गाचे नाव घातलेले असते. विज्ञानाचा शब्द, शेजाऱ्याची शिफारस आणि आईबापांची धास्ती ही तीन एकत्र आली, म्हणजे विचारपूस करावयास कोणाला उसंत राहत नाही.

विषय डॉक्टरांचा, मग साहित्याच्या टीकाकाराने त्यात का पडावे? माझे उत्तर असे की, येथे जो प्रश्न आहे तो मुळात वाचनाचा आहे. कागदावर एक नागमोडी रेषा उमटते आणि कोणीतरी ती वाचून तिचा अर्थ सांगतो. रेषेत जे आहे तेवढेच तो सांगतो, की स्वतःच्या मनातले तिच्यावर लादतो, हे पारखणे हा टीकाकाराचा रोजचा धंदा आहे. शिवाय लय हा मराठी समीक्षेला परका शब्द नव्हे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांवर सारी मांडणी उभी केली. तिच्यावर वाद पुष्कळ झाले. परंतु लयीला किती महत्त्व द्यावे आणि अर्थाला किती, हा त्या वादांतला प्रश्न मेंदूच्या लहरींपुढेही जसाच्या तसा उभा राहतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. तरुणपणी लष्करी शिक्षण घेत असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली सापडता सापडता वाचले. त्याच दिवशी दूर असलेल्या त्यांच्या बहिणीच्या मनात काही वाईट घडल्याची शंका आली आणि घरून चौकशीची तार आली. आपल्या भीतीची लहर बहिणीच्या मनापर्यंत पोचली, असे बर्गर यांनी मनाशी धरले आणि मनाची ती शक्ती मोजण्यात आयुष्य घातले. १९२४ साली त्यांना माणसाच्या डोक्यावरून पहिला विद्युत आलेख मिळाला. तो प्रसिद्ध करण्यास त्यांनी १९२९ पर्यंत वाट पाहिली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागी सेकंदाला ८ ते १३ अशा संथ लहरी दिसतात. डोळे उघडताच त्या विरतात. या लहरींना बर्गर यांनी अल्फा म्हटले, त्याहून जलद लहरींना बीटा. पुढे गाढ झोपेतल्या ४ हून कमी गतीच्या लहरींना डेल्टा आणि मधल्या ४ ते ८ च्या लहरींना थीटा ही नावे मिळाली.

मात्र बर्गर ज्याच्या शोधात निघाले होते, ते त्यांना मिळाले नाही. विजेरीतल्या साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. डोक्यावर मिळणारी अल्फा लहर एका व्होल्टच्या सुमारे ५० दशलक्षांश भागाइतकी. कवटी ओलांडतानाच जी इतकी क्षीण होते, ती दुसऱ्या गावच्या बहिणीपर्यंत काय पोचणार! ज्याने मनाचे रहस्य शोधावयास घर सोडले, त्याच्या हाती मेंदूची नाडी लागली. ही काही लहान प्राप्ती नव्हे. परंतु नाडी हाती लागली आणि मन हाती लागले, यांत अंतर आहे. या विषयातला पुढचा सारा गोंधळ हे अंतर विसरण्यातून झाला आहे.

ते अंतर किती, हे घरगुती उदाहरणाने पाहू. पहाटेच्या प्रहरी शेजारच्या घरात जाते सुरू आहे अशी कल्पना करा. गिरण्या आल्यापासून आपल्याकडची जाती अंगणात पालथी पडली. तरी तो आवाज कानांत असलेल्या आज्या मराठवाड्यात अजून आहेत. मध्ये दगडमातीची जाड भिंत आहे. तिच्यातून जात्याची घरघर ऐकू येते आणि ओवीचा चढउतार कळतो. एवढ्यावरून पुष्कळ गोष्टी नक्की सांगता येतात. घर जागे आहे. दळण संथ चालले आहे किंवा घाईचे आहे. एकटी दळते आहे की दोघी. मध्येच खुंटा निसटून जाते अडखळले. आळीतल्या साऱ्या घरांनी एका वेळी दळण घातले, तर सगळी आळी एकाच नादाने भरून जाते. पण ती ओवी माहेरच्या भावाची आहे, विठोबाची आहे, की सासुरवासाची, हे भिंत सांगत नाही. लय भिंतीतून येते. शब्द पलीकडेच राहतात.

मेंदूचा आलेख म्हणजे असे भिंतीपलीकडचे ऐकणे होय. एकेकट्या पेशीचा आवाज कवटीबाहेर येत नाही. लक्षावधी पेशी एका तालात चालल्या म्हणजेच लहर मोजता येते. डोळे मिटल्यावर अल्फा उठते ती डोक्याच्या मागील भागातल्या पेशी एका ठेक्यात आल्यामुळे. डोळे उघडताच प्रत्येकीला वेगळे काम मिळते आणि तो नाद फुटतो. म्हणजे लहर मोठी दिसली याचा अर्थ बुद्धी वाढली असा नाही. किंबहुना रिकामी बसलेली आळी पुष्कळदा एका सुरात गाते.

या ऐकण्याचे मोल कमी लेखू नये. आपल्याकडे ज्याला फेफरे किंवा मिरगी म्हणतात, त्या अपस्माराचे उदाहरण पाहा. १९३५ साली अमेरिकेत बॉस्टन येथे गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवून दिले की, मुलांमधील एका सौम्य प्रकारच्या झटक्यात आलेखावर सेकंदाला तीन या ठेक्याने टोक आणि लहर अशी ठरावीक आकृती उमटते. हा झटका दिसतो कसा? मूल वर्गात बसल्या बसल्या चारदोन क्षण शून्यात पाहते आणि पुन्हा भानावर येते. गुरुजी ओरडतात, "लक्ष कुठे आहे?" घरी मार मिळतो. त्या मुलाचे लक्ष उडालेले नसते. तेवढे क्षण त्याचे भानच हरपलेले असते. ही गोष्ट त्या रेषेने सांगितली आणि कित्येक मुलांच्या पाठीवरचा मार चुकवला. मोठ्या झटक्यांच्या रुग्णाला कांदा किंवा चप्पल हुंगवणारी आणि देवऋष्याकडे नेणारी माणसे या रेषेपुढे निरुत्तर व्हावीत, इतकी ती बोलकी आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्माराला बसवले होते. १९९९ साली तो शब्द वगळण्यात आला. ज्या घरी मुलीचे फेफरे लपवून लग्न लावावे लागले, त्या घराला या एका शब्दाचे वजन ठाऊक असेल.

आणि तरीही, याच आजारात जाणता डॉक्टर काय करतो? तो आलेखावर एकट्यावर विसंबत नाही. आजार असूनही पहिल्या तपासणीत कित्येकांचा आलेख निर्दोष येतो; उलट कधी झटका न आलेल्या एखाद्याच्या आलेखातही टोके दिसतात. म्हणून डॉक्टर आईला विचारतो: काय झाले, किती वेळ, डोळे कोठे फिरले, नंतर काय आठवत होते? भिंतीतून आलेली लय आणि दारातून ऐकलेली हकिगत ही दोन्ही जुळली म्हणजे निदान होते. चांगल्या वाचनाचा हा वस्तुपाठ आहे.

आता अतिवाचनाकडे वळू; पहिले उदाहरण श्रद्धेच्या प्रांतातले. योग मोजून पाहावा, नुसता वाखाणू नये, हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक त्याच वर्षी सुरू केले, ते याच हेतूने. पुढे आलेखयंत्र योग्यांच्या डोक्यापर्यंत पोचले. दास आणि गास्तो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गहन ध्यानात जलद आणि जोरकस लहरी नोंदल्या गेल्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ साली उलटे चित्र मांडले: समाधीत संथ अल्फा लहर टिकून राहते आणि बाहेरच्या उपद्रवानेही मोडत नाही. दोन्ही कामे प्रामाणिक. दोहोंत योगीही खरे. मग समाधीची लहर कोणती? उत्तर असे की, 'समाधी' हा शब्द अर्थाच्या प्रांतातला आहे आणि आलेख लयीच्या. एकाच नावाखाली दोन साधक दोन भिन्न गोष्टी करीत असतील, तर यंत्र त्यांना एक करू शकत नाही. पण लोकांनी मधले सारे गाळून एवढेच उचलले की, अल्फा म्हणजे समाधी. मग अल्फा वाढवली की समाधी लागते, समाधीने बुद्धी वाढते आणि बुद्धीने गुण वाढतात, ही साखळी तयार व्हावयास कितीसा उशीर!

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे आणि ते महाराष्ट्राच्या न्यायालयातले आहे. २००८ च्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला विषप्रयोगाने खून केल्याबद्दल जन्मठेप सुनावली. पुराव्यांत मेंदूच्या लहरींचा एक अहवाल होता. चंपाडी रामन मुकुंदन या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या या चाचणीत संशयिताच्या डोक्याला विद्युत्‌अग्रे लावून त्याला गुन्ह्यासंबंधी प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवतात. संशयित गप्प बसतो. आणि त्या त्या वाक्याला त्याच्या मेंदूत प्रत्यक्ष अनुभवाची स्मृती जागी झाली की नाही, हे आलेखावरून ठरवले जाते. केलेल्या कृत्याची आठवण वेगळी आणि नुसत्या ऐकीव गोष्टीची वेगळी, आणि रेषा या दोहोंत भेद करते, असा हा दावा.

टीकाकाराच्या दृष्टीने या दाव्याकडे पाहा. जिच्यावर खुनाचा आरोप आहे, तिने ती वाक्ये पोलिसांच्या, वकिलांच्या, नातलगांच्या तोंडून कितीदा ऐकली असतील? रात्री जागून स्वतःच कितीदा डोळ्यांपुढे आणली असतील? कल्पनेत शंभरदा घडलेली गोष्ट आणि एकदा प्रत्यक्ष घडलेली गोष्ट यांच्या सीमेवरच तर सारे कथावाङ्मय उभे आहे. उत्तम कादंबरीकार न केलेल्या खुनाची आठवण वाचकाच्याही मनात निर्माण करतो. ही सीमा रेषेवरून ओळखता येते असे म्हणणाऱ्याने पुरावा फार भक्कम द्यावयास हवा होता. तो तसा नव्हता. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचा निर्वाळा त्याच सुमारास दिला. त्या तरुणीला पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवले की, कोणाच्याही इच्छेविरुद्ध त्याच्यावर अशी चाचणी करणे हे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करण्यासारखे असून घटनेला मंजूर नाही. न्यायालयाने येथे केवळ कायद्याची नव्हे, वाचनाचीही मर्यादा सांगितली: माणसाच्या मनात शिरावयाचे तर त्याच्या संमतीच्या दारातूनच शिरावे.

येथवर झाले ते ऐकण्याचे. आता भिंतीबाहेरून आतल्या दळणाची लय बदलण्याचा प्रयत्न पाहू. कारण गेल्या चाळीस वर्षांतली मोठी धडपड त्याच दिशेने आहे. डोक्याला वीज देण्याची कल्पना जुनी. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेचा झटका देऊन मनोरुग्णावर उपचार केला. योग्य रीतीने दिल्यास तो उपचार आजही उपयोगी आहे; परंतु भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांच्याशिवाय तो देण्यास आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे. नव्या पद्धती याहून सौम्य आहेत. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी फॅरडे यांचा १८३१ चा नियम माणसाच्या डोक्यावर वापरला. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडला की चुंबकक्षेत्र उठते, ते कवटीतून विनासायास आत जाते आणि आत स्वतःची वीज निर्माण करते. वेटोळे योग्य जागी धरले, तर माणसाने मनात आणले नसतानाही त्याचे बोट हलते.

लय येथे पुन्हा पुढे येते. ठोका तोच; पण तो सेकंदाला एक या संथ गतीने देत राहिले तर त्या भागाची उत्तेजना साधारणतः मंदावते, आणि सेकंदाला दहाच्या गतीने दिले तर वाढते. औषधांनी बऱ्या न झालेल्या उदासीनतेच्या विकारावर या उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली परवानगी दिली. २०१८ साली कॅनडात ४०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या तुलनेत असे दिसले की, थीटाच्या लयीत तुकड्या-तुकड्यांनी दिलेले तीन मिनिटांचे ठोके हे साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीपेक्षा उणे ठरत नाहीत. ठेका बदलला आणि वेळ बारा पटींनी आटला! ज्या देशात तालाचे शास्त्र इतके सूक्ष्म झाले, तेथील वाचकाला या वार्तेचे विशेष कौतुक वाटावे. अर्थात हा उपचार सर्वांना लागू पडत नाही. तो रुग्णालयात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दिवसामागून दिवस घ्यावा लागतो. आणि क्वचित झटका येण्याचा धोका असल्यामुळे आधी चौकशी करावी लागते.

दुसरी पद्धत दोन मिलिअँपिअरपर्यंतचा मंद प्रवाह डोक्यावरून सोडण्याची. २००० साली गोटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस यांनी अशा प्रवाहाने मेंदूच्या एका भागाची उत्तेजना वाढते-घटते असे दाखवले आणि अनेक संशोधकांचा ओढा इकडे वळला. स्मृती वाढेल, गणित सुधारेल, अशी वृत्ते आली. मग २०१८ साली बुझाकी आणि त्यांचे सहकारी यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर मोजणी करून दाखवले की, या प्रवाहाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कातडी आणि कवटी यांतच अडतो. त्याआधी २०१६ साली या विषयात काम करणाऱ्या संशोधकांनीच बॅटरी आणि तारा जोडून घरी प्रयोग करणाऱ्यांना खुले पत्र लिहून सावध केले होते: एक शक्ती वाढवताना दुसरी घटू शकते, आणि बदल किती काळ टिकतील हे सांगता येत नाही. ज्यांचा हा व्यवसाय, तेच हात आखडते घेतात. आणि ज्यांना व्यवसाय ठाऊक नाही, ते जाहिरात देतात.

लातूर-नांदेडच्या त्या खोलीकडे आता जाऊ. 'अल्फा संगीत' म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा दोन कानांत किंचित भिन्न सूर सोडतात आणि मेंदूला त्यांच्या फरकाइतकी आंदोलने भासतात. जर्मन शास्त्रज्ञ डोव्हे यांना ही गोष्ट १९ व्या शतकातच ठाऊक होती. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जराशा बेसूर असल्या म्हणजे आवाज कसा डुलतो, हे आपल्या प्रत्येक गवयाला ठाऊक असते. तेथे तो डुलणारा आवाज हवेत असतो, येथे मेंदूत. भास खरा आहे. त्याने मन शांत वाटत असेल तर मुलाने जरूर ऐकावे. मंद आवाजात लावलेली भूपाळीही तेच करील. पण त्याने पाठांतर वाढते, हे पक्केपणी सिद्ध झालेले नाही.

'मध्यमेंदू जागृती'च्या वर्गांची गोष्ट याहून वाईट. असे वर्ग गेल्या दशकात महाराष्ट्रातल्या गावोगावी भरले. लहरींच्या संगीताने मध्यमेंदू जागा केला की, डोळ्यांवर पट्टी बांधूनही मूल वाचू लागते, असे सांगून आईबापांकडून हजारो रुपये घेतले गेले. मध्यमेंदू हा बुबुळांची हालचाल, जागेपण अशी कामे जन्मापासून सांभाळणारा भाग आहे. तो झोपला असता तर मूल वर्गापर्यंत चालत आलेच नसते. पट्टी नाकाच्या बाजूने नीट बुजवली की वाचन थांबते, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी उघड करून दाखवले. मला यात पैशांपेक्षा दुसरी हानी मोठी वाटते. फटीतून पाहून 'मला दिसते' असे सांगणारे मूल आईबापांना खूश करण्यासाठी खोटे बोलावयास शिकते; आणि ज्याला तसे जमत नाही, ते प्रामाणिक मूल नापास ठरते.

कोणी म्हणेल, "नव्याला असेच हसतात, बर्गर यांनाही लोकांनी कोठे मानले होते?" युक्तिवाद चांगला आहे, म्हणून त्याचे उत्तरही द्यावयास हवे. बर्गर यांच्याकडे पाच वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही, हे खरे. पण १९३४ साली केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी संशय घेऊनच तो प्रयोग पुन्हा केला. एड्रियन यांनी स्वतःच्या डोक्याला तारा लावून, डोळे मिटून-उघडून, लहर येते-जाते हे भर सभेत दाखवले. संशय घेणाऱ्याच्या डोक्यावरही जी दिसते, ती लहर खरी. पट्टी दुसऱ्याने बांधली की जिचा प्रभाव संपतो, ती विद्या नव्हे.

म्हणून दारी आलेल्या प्रत्येक लहरीला घरातल्या कर्त्या बाईने तीन प्रश्न विचारावेत. हे संशय घेणाऱ्याने करून पाहिले आहे काय? मात्रा किती, कोणत्या रोगावर, आणि चुकली तर काय? आणि तिसरा, सगळ्यांत मोठा: हे यंत्र लयीविषयी बोलते आहे की अर्थाविषयी? पहिल्या दोन प्रश्नांना डॉक्टरांकडे उत्तर मिळेल. तिसऱ्याचे उत्तर आपल्यालाच द्यावयाचे आहे.

लातूरकरांना हा तिसरा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून गाव झोपले असता, किल्लारीची जमीन हादरली. दूरदूरच्या भूकंपमापकांवर रेषा उमटली. धक्का किती मोठा, केंद्र कोठे, खोली किती, सारे त्या रेषेने अचूक सांगितले. त्यावाचून पुढची घरे कशी बांधावी हेही कळले नसते. पण कोणत्या घरात कोण झोपले होते, आणि वाचलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कोणाला हाक मारली, हे त्या रेषेत नव्हते. त्यासाठी माणसांना गावात जावे लागले आणि बोलणाऱ्याजवळ बसावे लागले. २०१५ साली सरकारने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यातही पहिले पाऊल आशा कार्यकर्तीने उंबऱ्यावर बसून केलेल्या विचारपुशीचेच होते. उदासीनतेवर चुंबकाचे यंत्र उद्या प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयात यावे, अशीच कोणाचीही इच्छा असेल; पण ते यंत्र कोणासाठी लावावयाचे, हे त्या विचारपुशीवाचून कळणार नाही.

या दिवाळीत शिकवणीच्या शहरातून घरी आलेले मूल जेवताना गप्प असेल, तर त्याच्या मेंदूत या क्षणी अल्फा आहे की बीटा, हे कळून उपयोग नाही. त्याला झोप लागते का, तेथे कोणाशी बोलतो, कोणता विषय जड जातो, आणि हे शिक्षण त्याला स्वतःला हवे आहे का, एवढे विचारावे. आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ओवीचे शब्द ऐकावयाचे असतील तर भिंतीला कान लावून भागत नाही. दार लोटून आत जावे लागते आणि जात्याचा दुसरा खुंटा हाती धरावा लागतो.